परराष्ट्र सेवेत जायचंय, पण विचारायला ओळखीचं कुणीच नाही

भांडुपची_मुलगी

नमस्कार. मी टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. राहायला भांडुपला, कॉलेज माटुंग्याला. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, आई घरून डबे देते. गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात एक निवृत्त राजदूत बोलायला आले होते. दीड तास बोलले आणि मी एक शब्दही सोडला नाही. पण प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलींनी इतक्या सफाईनं इंग्रजीत विचारलं, की माझा हात वर गेलाच नाही. तेव्हा राहिलेलं आता इथे विचारते.

मला या सेवेत जायचंय. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, कर, पण मला त्यातलं काही कळत नाही, कुणाला तरी विचार. मामा म्हणतात ती मोठ्या घरच्या मुलांची नोकरी. आमच्या अख्ख्या नात्यात पासपोर्ट फक्त एका आत्तेभावाकडे आहे, तो दुबईला एसीचं काम करतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालंय. इंग्रजी वाचता येतं, लिहिता बरं येतं, बोलताना अडखळते. मग माझ्यासारखीनं हा विचार सोडून द्यावा का? आणि नसेल सोडायचा, तर कॉलेजचं हे शेवटचं वर्ष कसं वापरू? क्लासची फी परवडणारी नाही, हे आधीच सांगते.

परळ_अभ्यासिका

विचार अजिबात सोडू नकोस. परीक्षेचं तेवढं सांगतो, कारण मी सध्या त्यातच आहे. आयएफएससाठी, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेसाठी, वेगळी परीक्षा नसते. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा तीच, फॉर्म भरताना पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर टाकायची. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ गुणांची. इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा असतो, त्यात २५ टक्के मिळाले की झालं, ते गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. बाकीचे पेपर मराठीतून लिहिता येतात, मुलाखतही मराठीतून देता येते. वैकल्पिक विषय मराठी साहित्य घेता येतो. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत ६ संधी, ओबीसींना ३५ पर्यंत ९. मात्र या सेवेत जागा कमी निघतात. एखाद्या वर्षी पन्नासच्या वर जातात, पण बहुतेक वेळा तीस-चाळीस.

क्लासचं म्हणशील तर सीएसएमटीजवळची राज्य सरकारची एसआयएसी ही प्रशिक्षण संस्था बघ. प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. मराठी माध्यमातल्यांनी ज्ञानेश्वर मुळे यांचं नाव लक्षात ठेवावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे, १९८३ मध्ये सेवेत आले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत होते आणि पुढे मंत्रालयात सचिव झाले.

लालबागकर_काका

बाळ, तुझा हात वर गेला नाही हे वाचलं आणि लिहायला बसलो. मी परराष्ट्र मंत्रालयात ३७ वर्षं होतो. राजदूत नव्हतो. तुझ्या कॉलेजात आलेल्या गृहस्थांसारखं मोठं पद माझ्याकडे कधी आलं नाही, पण तुला जे हवं आहे ते कदाचित मला जास्त ठाऊक आहे, कारण मी तुझ्याच बाजूनं आत शिरलो.

वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात पगार येणं थांबलं. यूपीएससी करायला लागणारी दोन-तीन वर्षं आमच्याकडे नव्हती. चाळीतल्या एका दादानं मला स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या असिस्टंट ग्रेडच्या परीक्षेला बसवलं. १९८४ मध्ये मी दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट म्हणून रुजू झालो. हा दरवाजा आजही उघडा आहे. कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर घेतात. त्याला आमच्याकडे ‘ब्रँच बी’ म्हणतात. या लोकांनाही परदेशी नेमणुका मिळतात, बढत्या मिळतात आणि काही जण पुढे मुख्य सेवेतही जातात. कॉलेजच्या व्याख्यानात हे कुणी सांगत नाही, म्हणून आधी हेच सांगितलं.

मी रुजू झालो त्याच वर्षी फेब्रुवारीत रवींद्र म्हात्रे यांचा खून झाला होता. बर्मिंगहॅमच्या आपल्या कचेरीत ते अधिकारी होते. तिहार तुरुंगात असलेल्या काश्मिरी फुटीरवादी मकबूल भटला सोडा म्हणून त्यांचं अपहरण केलं आणि मारून टाकलं. पुण्यात एरंडवण्याकडून नव्या पेठेत जाताना जो म्हात्रे पूल लागतो, तो त्यांच्या नावाचा. त्या पुलावरून कॉलेजला जाणाऱ्या किती मुलांना ते कोण हे माहीत असेल? मी दिल्लीत गेलो तेव्हा ऑफिसात त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलत. घरी मी ते कळवलं नाही. आईला वाटत होतं की पोरगा दिल्लीत पंख्याखाली बसून काम करतो.

आता काम काय असतं ते सांगतो. दोन वर्षं मी पटियाला हाऊसच्या इमारतीत होतो. तिथे सीपीव्ही, म्हणजे वाणिज्यदूत सेवा, पासपोर्ट आणि व्हिसा यांचा विभाग होता. मग १९८६ मध्ये आखातातल्या एका देशात पहिली नेमणूक झाली. तिथे आपल्या माणसांचा राबता असे. गवंडी, सुतार, ड्रायव्हर, घरकामाला आलेल्या बायका. मालकानं पासपोर्ट काढून घेतलाय, पगार पाच महिन्यांचा अडकलाय, एजंटानं सांगितलेलं काम वेगळं आणि इथे मेंढ्या राखायला लावल्यात. सकाळी आठला गेट उघडायचं आणि तोवर सावलीच्या पट्ट्यात चाळीस माणसं बसलेली असायची.

१९८७ चा एक दिवस मी विसरलो नाही. गुहागरकडचा एक गवंडी परांचीवरून पडून गेला होता. मृतदेह मुंबईला पाठवायचा होता. त्याला कागद लागतात: हॉस्पिटलचा मृत्यूचा दाखला, तिथल्या पोलिसांची परवानगी, घरच्यांचं संमतिपत्र, रसायन भरून देह टिकवल्याचा दाखला, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, आणि सगळ्यात शेवटी आपल्या दूतावासाचं ना हरकत पत्र. ते पत्र मी टाइप केलं. तेव्हा पासपोर्ट हातानं लिहिलेले असत. नंबरातला ८ मला ३ वाटला. खाली सही झाली, शिक्का बसला, माणूस ते घेऊन गेला. गुरुवारी दुपारी कार्गोवाल्यांनी शवपेटी परत पाठवली. कागदावरचा नंबर आणि पासपोर्टवरचा नंबर जुळत नव्हता. पुढे तिथल्या सुटीचा शुक्रवार. नवं पत्र शनिवारी निघालं.

इकडे त्याचा भाऊ सहारच्या कार्गो गेटबाहेर टेम्पो घेऊन उभा होता. तार त्याच्या गावी गेली, पण तो आधीच मुंबईला निघालेला. दोन रात्री तो तिथे रस्त्याकडेला बसून होता. टेम्पोवाला दर दिवसाचे पैसे मागत होता. हे मला महिन्याभरानं त्याच्या आंतरदेशीय पत्रातून कळलं. त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता, उलट आभार मानले होते. ते निळं पत्र आजही माझ्या कपाटात आहे. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी कुठलाही नंबर एकट्यानं वाचून पुढे पाठवला नाही. शेजारच्याला पासपोर्ट हातात द्यायचा, एक-एक आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि त्यानं मान हलवली की मगच पुढचा.

लोकांना परराष्ट्र सेवा म्हटलं की मेजवान्या, करार आणि हस्तांदोलनाचे फोटो आठवतात. तेही काम आहे आणि ते अवघड असतं, त्याला कमी लेखत नाही. पण १९६३ चा व्हिएन्ना करार वाचलास तर त्यात कलम ३६ आहे. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वाणिज्यदूताशी बोलायचा हक्क आहे, एवढं साधं ते कलम. २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात कुलभूषण जाधव प्रकरणात भारतानं जे जिंकलं, ते याच कलमावर. मोठमोठे वकील ज्यावर भांडले, ते रोजच्या कामात तुरुंगाच्या एका लहान खोलीत होतं. समोर घाबरलेला पोरगा बसलेला असतो आणि आपण विचारतो, जेवलास का, मारलं का, घरी कुणाला कळवू. त्या खोलीत तुझी इंग्रजी कशी आहे हे कुणी बघत नाही. त्या पोराशी तू भोजपुरीत, तेलुगूत, मोडक्या हिंदीत, कशातही बोललीस आणि त्याला धीर आला, तर तुला काम जमलं.

म्हणून इंग्रजीबद्दल माझं स्पष्ट मत: लिहिण्यावर मेहनत घे, उच्चारांवर नको. सरकार तुझ्याकडून नीट लिहिलेलं पान मागतं. तसंही सेवेत गेल्यावर एक परदेशी भाषा सक्तीनं शिकावी लागते, अरबी, चिनी, रशियन, जपानी, जी वाट्याला येईल ती. तिची परीक्षा पास होईपर्यंत नोकरीत कायम करत नाहीत. म्हणजे तिशीच्या आत-बाहेर सगळ्यांनाच पुन्हा बालवाडीत बसायचं असतं. पुढच्या रांगेतल्या त्या मुलींनाही.

आणि तू मुलगी आहेस म्हणून एक गोष्ट. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये सेवेत आल्या, परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला. तेव्हा नियम असा होता की बाईनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडचण होते असं वाटलं तर सरकार राजीनामा मागू शकेल. बढती नाकारली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर कडक शब्दांत लिहिलं. तीस वर्षं नोकरी करून मग ही लढाई. उद्या घरात कुणी म्हणालं की बायकांची ही नोकरी नाही, तर तुझ्याकडे उत्तर असू दे.

समुद्रावरचं_घर

काकांनी लिहिलं ते अगदी खरं आहे. माझे मिस्टर बोटीवर असतात. काही वर्षांपूर्वी मालकानं बोट एका बंदरात टाकून दिली. चार महिने पगार नाही, डिझेल संपलेलं, पाणी मोजून. आम्ही बायका कांजूरमार्गला डीजी शिपिंगच्या ऑफिसला खेटे घालत होतो. तिकडच्या आपल्या दूतावासातल्या एका तरुण बाईनं मिस्टरांना दर सोमवारी फोन केला. कधी काही सांगण्यासारखं नसायचं, तरी फोन यायचा. शेवटी पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर घरी आले. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. भांडुपच्या ताई, तुम्ही जा या नोकरीत.

मुलुंडचे_बाबा

मुलीचं मन मोडायचं नाही, पण दुसरी बाजू कुणी तरी लिहायला हवी. माझ्या मुलानं पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन पाच वर्षं यूपीएससी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. आज तो तीस वर्षांचा आहे, हातात अनुभव नाही आणि घरात कुणाशी बोलत नाही. आम्ही दोघांनी पीएफ मोडला, त्याचं दुःख नाही. तो पहिल्यासारखा हसत नाही, ते रोज दिसतं. काका, तुम्ही इथे मुलांना मार्गदर्शन करता, तर हे पण सांगत जा.

भांडुपची_मुलगी

काका, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. सहारचा टेम्पो आला तिथे बाबा म्हणाले, परत वाच. मुलुंडच्या काका, तुमचंही वाचलं आणि भीती वाटली, खोटं कशाला सांगू. काका, तुम्ही मुलांना शिकवता का? कुठे? फी किती?

लालबागकर_काका

आधी मुलुंडच्या बाबांना. साहेब, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचं दुःख खरं आहे आणि रविवारी मुलं माझ्याकडे येतात, त्या खोलीतही मी ते पाहिलंय. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी कागदावर एक तारीख लिहून घेतो. या तारखेपर्यंत प्रयत्न, त्यानंतर नाही. आणि त्याच वेळी दुसरी एक परीक्षा किंवा कमाईचं काम चालू ठेवायचं. दोन मुलांनी ते ऐकलं नाही, मी त्यांना थांबवू शकलो नाही. तुमच्या मुलाला चालणार असेल तर मला त्याच्याशी बोलायला आवडेल. अभ्यासाबद्दल बोलणार नाही. पाच वर्षं रोज अग्रलेख वाचून टिपणं काढलेल्या माणसाची गरज कुठे असते, ते मला थोडं माहीत आहे.

आता बाळ, तुझं. निवृत्त होऊन मुंबईला आल्यापासून रविवारी सकाळी दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो. फी नाही. शिकवत नाही, पान वाचतो. मुलं एक पान लिहून आणतात, मी पेन्सिल घेऊन बसतो आणि ते पान आम्ही दोघं मिळून निम्मं करतो. कधी एका पानाला पाऊण तास लागतो. मंत्रालयात माझ्या पहिल्या सेक्शन ऑफिसरनं माझी टिपणं अशीच लाल केली होती, तेव्हा राग यायचा. वर बसलेल्या माणसाला दिवसात शंभर फाइली बघायच्या असतात. पहिल्या चार ओळींत काय झालं, आपल्याला काय करायचंय आणि नाही केलं तर काय होईल हे कळलं नाही, तर ती फाइल बाजूला पडते. फाइल बाजूला पडली की कुठे तरी कुणाचा तरी भाऊ टेम्पो घेऊन उभा असतो.

दुसरं म्हणजे मी मुलांना बीकेसीला पाठवतो. विदेश भवन तिथे २०१७ मध्ये सुरू झालं. पासपोर्ट कार्यालय आणि परदेशी कामाला जाणाऱ्यांचं काम बघणारं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय एकाच इमारतीत. सकाळी बाहेर उभं राहायचं आणि बघायचं कोण येतं. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी हवी असा शिक्का, का लागतो, त्याला आखातात कामाला जाण्याआधी मंजुरी का घ्यावी लागते, हे पुस्तकात एका परिच्छेदात आहे. पण बिहारहून आलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन उभ्या माणसाला विचारलं की मग तो परिच्छेद कायमचा कळतो. अट एकच, कुणाचा फॉर्म बघितला तर त्याचा नंबर, पत्ता काहीही वहीत लिहायचं नाही.

माझ्याकडे आलेल्या दहा-बारा जणांपैकी परराष्ट्र सेवेत अजून कुणी गेलेलं नाही, हे तुला आधीच सांगायला हवं. एक मुलगी ब्रँच बीमधून मंत्रालयात आहे. एक जण जहाज कंपनीच्या ऑफिसात खलाशांची कागदपत्रं बघतो आणि अडलं की मला फोन करतो. एक जण वकिली करतो. एका मुलीची यंदा मुख्य परीक्षा आहे, तिच्याकडून मला फार आशा आहे, पण ती आशा मी तिला दाखवत नाही.

राजदूतांच्या व्याख्यानाचा उपयोग नाही असं माझं म्हणणं नाही. १९९० मध्ये कुवेतमधून अम्मानमार्गे एक लाखाहून जास्त माणसं विमानानं आणली, २०१५ मध्ये येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि चाळीसेक देशांचे जवळपास हजार लोक बाहेर काढले. त्यामागे कुणी तरी वरच्या पातळीवर रात्रभर बोलणी केली होती आणि ते ऐकायलाच हवं. १९९० मध्ये मी दिल्लीत फोनवर होतो. चेंबूर, कुर्ला, मुंब्रा, रत्नागिरी, कुठून कुठून फोन यायचे. नाव विचारायचं, यादीत बघायचं, नसेल तर ‘अजून नाही’ म्हणायचं. एक आजी रोज रात्री अकराला फोन करायच्या. नवव्या दिवशी नाव यादीत सापडलं. मी सांगितलं, तर त्या काही बोलल्याच नाहीत, फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. व्याख्यानात हे येत नाही, म्हणून मला ती रविवारची खोली हवी असते.

परळ_अभ्यासिका

काका, मी येऊ का? माझी तारीख मी आजच लिहून ठेवतो.

भांडुपची_मुलगी

मी पण येते. बाबा म्हणाले पहिल्या दिवशी सोबत येतो, चालेल ना? आणि पान कशावर लिहून आणू? भारत-चीन सीमाप्रश्नावर माझी टिपणं तयार आहेत.

लालबागकर_काका

दोघंही या. बाबांना जरूर आण, चहा वाचनालयाच्या खालीच चांगला मिळतो. पत्ता इथे लिहीत नाही, तुम्हा दोघांना निरोपात पाठवला आहे. साडेनऊला या, अकरानंतर ती खोली दुसऱ्यांना लागते.

सीमाप्रश्न नंतर. आज बाबा ड्यूटीवरून आले की त्यांना विचार, अलीकडे गाडीत सुट्ट्या पैशांवरून किंवा तिकिटावरून भांडण कधी झालं आणि ते कसं मिटलं. प्रवासी काय म्हणाला, बाबा काय म्हणाले, मागच्या बाकावरचे काय म्हणाले, गाडी किती वेळ थांबली. एकच पान, आणि कोण चांगलं कोण वाईट हे कुठेही लिहायचं नाही. लिहून झालं की बाबांना वाचून दाखव, ते म्हणतील असं नव्हतं झालं, मग पुन्हा लिही. बसचा नंबर, स्टॉपचं नाव, वेळ आणि तिकिटाची रक्कम बरोबर आहे का, एक-एक करून त्यांना मोठ्यानं विचारून घे.